भिंतीआडचा धातू आणि धातुशोधकाची साक्ष : एक ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

हातात धरून भिंतीवरून फिरवावयाचा धातुशोधक हे आज इमारतदुरुस्तीच्या कामातील एक नित्याचे साधन आहे. गिलाव्याआडची पाण्याची नळी, विजेच्या तारांची वाट, काँक्रीटमधील सळई किंवा दगडी बांधकामात पूर्वी कधी तरी बसविलेली लोखंडी पकड यांचा ठाव भिंत न फोडता घ्यावयाचा असेल, तर हे साधन उपयोगी पडते. त्याच्या इतिहासाविषयी जे लेखन आढळते, त्यात बहुधा संवेदनक्षमतेच्या वाढीची कथा सांगितलेली असते. आरंभीची यंत्रे मंद होती, पुढची तीक्ष्ण झाली, असा तिचा सरळ ओघ असतो. या मांडणीत एक महत्त्वाची बाब निसटते. धातू असल्याची सूचना देणे या यंत्राला प्रारंभापासूनच जमत होते. अवघड होते ते शोधावयाचा धातू आणि त्याच्या अवतीभवतीचा धातू यांतील भेद ओळखणे, आणि त्याहूनही अवघड होते शोध नेमका कोठे घ्यावयाचा हे ठरविणे. प्रस्तुत लेखात या दोन अडचणींच्या अनुषंगाने धातुशोधकाच्या वाटचालीचा विचार केला आहे. या वाटचालीतील सर्वांत प्रसिद्ध प्रसंग भिंतीशी संबंधित नसून एका जखमी मनुष्याच्या देहाशी संबंधित आहे. तथापि भिंतीपुढे उभ्या राहणाऱ्या तपासनिसाच्या सर्व अडचणी त्या प्रसंगात आधीच प्रकट झाल्या होत्या, म्हणून त्याचा येथे विस्ताराने परामर्श घेतला आहे.

प्रवर्तन-तुलेचा उगम

मायकेल फॅरेडे यांनी १८३१ साली विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचा शोध लावला. बदलत्या चुंबकीय क्षेत्रात धातूचा तुकडा आला की त्यात आवर्त प्रवाह निर्माण होतात, आणि हे प्रवाह स्वतःचे दुय्यम क्षेत्र उभे करून मूळ क्षेत्रात किंचित फरक पाडतात. हा फरक टिपणे एवढेच धातुशोधकाचे काम होय. परंतु मूळ क्षेत्र प्रबळ आणि फरक अत्यल्प असल्यामुळे तो जाणवावा कसा, हा प्रश्न होता. बर्लिनचे पदार्थवैज्ञानिक हाइनरिख व्हिल्हेल्म डोव्ह यांनी परस्परविरुद्ध जोडलेल्या वेटोळ्यांची रचना करून या प्रश्नाची दिशा दाखविली. तिला व्यवहार्य रूप मात्र डेव्हिड एडवर्ड ह्यूज यांनी १८७९ साली लंडनमध्ये दिले.

छापील अक्षरे उमटविणारे तारयंत्र आणि १८७८ मधील मायक्रोफोन यांमुळे ह्यूज यांचे नाव तोवर सर्वतोमुखी झाले होते. त्यांच्या प्रवर्तन-तुलेत वेटोळ्यांच्या दोन समान जोड्या असत. एका जोडीतील परिणाम दुसरीतील परिणामाला तंतोतंत छेद देत असल्यामुळे कानाला लावलेल्या दूरध्वनीच्या श्रवणिकेत पूर्ण शांतता राही. एका बाजूस नाणे ठेवले की समतोल ढळून आवाज उमटे, आणि दुसऱ्या बाजूस तसेच नाणे ठेवले की आवाज पुन्हा मावळे. नाणे खोटे असेल, किंबहुना त्यातील मिश्रधातूचे प्रमाण थोडे जरी वेगळे असेल, तरी शांतता परत येत नसे. लंडनच्या टांकसाळीतील रसायनज्ञ रॉबर्ट्स यांनी मिश्रधातूंच्या अभ्यासासाठी या उपकरणाचा तत्काळ उपयोग केला, यावरून त्याची अचूकता ध्यानात येते.

येथे एक गोष्ट नजरेआड होऊ देता कामा नये. ह्यूज यांची तुला ही नावाप्रमाणेच तुला होती, म्हणजे दोन ज्ञात वस्तूंची तुलना करण्याचे साधन होते. नाणे कोठे आहे हे तिला शोधावयाचे नव्हते, कारण ते हाताने वेटोळ्यात ठेवले जाई. अज्ञात जागी दडलेला धातू धुंडाळण्याचे काम तिच्याकडे आले तेव्हा तिचे स्वरूपच बदलले. (जाता जाता नमूद करण्याजोगी गोष्ट अशी की, याच तुलेवर काम करीत असताना तिच्यातील सैल जोडणीमुळे दूर अंतरावरील श्रवणिकेतही आवाज उमटतो, असे ह्यूज यांना आढळले. १८८० च्या आरंभी त्यांनी रॉयल सोसायटीच्या ज्येष्ठ सदस्यांना तो प्रयोग दाखविला, पण हे साधे प्रवर्तन आहे असा अभिप्राय मिळाल्याने त्यांनी तो विषय बाजूस ठेवला. रेडिओ-लहरींचा अनुभव घेऊनही त्यांना त्यांचे श्रेय मिळाले नाही.)

१८८१ : गारफील्ड प्रकरण

दिनांक २ जुलै १८८१ रोजी वॉशिंग्टन येथील रेल्वे स्थानकावर चार्ल्स गिटो याने अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफील्ड यांच्यावर गोळ्या झाडल्या. त्यांतील एक गोळी पाठीच्या उजव्या बाजूने आत शिरली आणि तेथेच राहिली. ती कोठे आहे हे कळेना. जखमेत बोटे व सळया घालून तिचा माग काढण्याचे अनेक प्रयत्न झाले. निर्जंतुकीकरणाचे लिस्टर यांचे तत्त्व १८६७ पासून प्रसिद्ध असूनही अमेरिकी वैद्यकात ते पुरते रुजलेले नव्हते, त्यामुळे या प्रयत्नांनी अपायच अधिक झाला. क्ष-किरणांचा शोध लागावयास अद्याप १४ वर्षे अवकाश होता.

दूरध्वनीचे जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी या कामी प्रवर्तन-तुलेचा उपयोग होईल अशी सूचना करून आपली सेवा देऊ केली. खगोलशास्त्रज्ञ सायमन न्यूकम यांच्या मनातही याच धर्तीची कल्पना होती. सहकारी समनर टेन्टर यांच्यासह बेल यांनी जुलै महिन्यात अहोरात्र प्रयोग केले. मुठीत दडविलेली गोळी, मांसाच्या तुकड्यात खुपसलेली गोळी, यादवी युद्धात लागलेली गोळी अंगात बाळगून असलेले जुने सैनिक, अशा क्रमाने परीक्षण होत गेले. उपकरणाच्या घडणीतही बदल झाला. ह्यूज यांच्या दूरस्थ जोड्यांऐवजी दोन चपटी वेटोळी एकमेकांवर अंशतः सरकवून ठेवण्याची युक्ती बेल यांनी योजिली. ती नेमक्या प्रमाणात सरकवली की त्यांचा परस्परपरिणाम शून्य होतो आणि श्रवणिका निःशब्द राहते. हातात धरून एखाद्या पृष्ठभागावरून फिरविता येईल असा धातुशोधक या युक्तीमुळे शक्य झाला. आजच्या अनेक धातुशोधकांत वेटोळ्यांची हीच मांडणी दिसते.

२६ जुलैच्या सायंकाळी राष्ट्राध्यक्षांच्या शय्येपाशी पहिला प्रयोग झाला. श्रवणिकेत सतत खरखर ऐकू येत राहिली व निष्कर्ष निघाला नाही. घाईत उपकरणातील धारित्राची जोडणी चुकली होती, असे नंतर आढळले. १ ऑगस्टला दुसरा प्रयोग झाला. या वेळी यंत्र नीट चालत होते, पण एखाद्या बिंदूवर नेमका आवाज न येता बऱ्याच विस्तृत भागावर क्षीण आवाज येत राहिला. शय्येवरील केसांच्या गादीखाली पोलादी तारांची विणलेली जाळीदार गादी होती, ही माहिती बेल यांना त्यानंतर मिळाली.

पुढे लोकप्रिय लेखनात ही कथा एका ठरावीक स्वरूपात रूढ झाली: यंत्र अचूक होते, गादीतील पोलादाने दगा दिला. ही मांडणी आकर्षक आहे, पण बेल यांच्या स्वतःच्या निवेदनाशी ती जुळत नाही. आपल्या प्रयोगांचा वृत्तांत त्यांनी १८८२ साली विद्वत्सभेपुढे मांडला. तशीच दुसरी गादी मिळवून तिच्यावर आपण परीक्षण केले, असे त्यात ते सांगतात. जाळीची छिद्रे मोठी होती, आणि जेवढ्या भागावर आवाज आला तो शय्येच्या विस्ताराच्या मानाने लहान होता. गादीमुळे आवाज येत असता तर तो सर्वत्र यावयास हवा होता. यावरून गादीचा विशेष अपायकारक परिणाम झाला नसावा, असे अनुमान त्यांनी काढले. हे अनुमान निर्णायक मानता येत नाही, हे खरे. आपल्या यंत्राविषयी बेल यांना असलेला जिव्हाळाही येथे विचारात घेतला पाहिजे. तरीही गादीची सबब त्यांना स्वतःला सर्वाधिक सोयीची असताना त्यांनी ती पुढे केली नाही, ही बाब लक्षणीय आहे.

दुसरे कारण अधिक वजनदार आहे. उपचारांची सूत्रे हाती असलेले डॉ. विलर्ड ब्लिस यांचे मत गोळी उजव्या बाजूस आहे असे होते, आणि धातुशोधक फिरविला गेला तो मुख्यतः त्याच बाजूस. १९ सप्टेंबर १८८१ रोजी, म्हणजे हल्ल्यानंतर ७९ दिवसांनी, गारफील्ड यांचे निधन झाले. शवविच्छेदनात गोळी कण्याच्या डाव्या बाजूस स्वादुपिंडामागे आढळली. ती यंत्राच्या आवाक्याच्या मानाने खोलही होती. दुसऱ्या प्रयोगातील क्षीण आवाजाचा अर्थ मात्र त्या वेळी ब्लिस यांच्या मताला पुष्टी देणारा पुरावा म्हणून लावला गेला होता. यंत्राने दिलेल्या संदिग्ध सूचनेत जे आधीच मान्य होते तेच वाचले गेले. या घटनेतील खरी शोकांतिका कोणती, याचा निर्णय करताना गादीपेक्षा या वाचनाकडे अधिक लक्ष जावयास हवे. पोलादी गादीला दोष दिला की दोष एका निर्जीव योगायोगावर जातो. शोधाची जागा कोणी व कशाच्या आधारे ठरविली हा प्रश्न मग विचारावा लागत नाही.

पेट्यांपासून हातापर्यंत

यानंतरची चार दशके धातुशोधकाच्या दृष्टीने मंद गेली. क्ष-किरणांनी देहातील धातूचा प्रश्न सोडविला होता आणि इतरत्र त्याची फारशी निकड नव्हती. १९२० च्या दशकात जर्मनीतून अमेरिकेत आलेले अभियंते गेरहार्ड फिशर विमानांसाठी रेडिओ दिशादर्शकावर काम करीत होते. धातूच्या व खनिजयुक्त भूभागांच्या सान्निध्यात दिशादर्शक चुकतो हे त्यांच्या ध्यानी आले. ज्याला दोष म्हणावयाचे त्यालाच त्यांनी साधन बनविले. १९३३ साली अर्ज करून १९३७ साली त्यांनी ‘मेटॅलोस्कोप’चे एकस्व मिळविले. लाकडी पेट्यांत बसविलेली वेटोळी व निर्वात नलिका असे त्याचे ओबडधोबड रूप होते. जमिनीतील नळ व तारा शोधण्यासाठी त्याला मागणी आली.

दुसऱ्या महायुद्धात पोलंडचे सैनिकी अधिकारी युझेफ कोसात्स्की यांनी १९४१-४२ च्या हिवाळ्यात स्कॉटलंडमध्ये सुरुंगशोधक तयार केला. त्याचे वजन १४ किलोग्रॅमहून थोडे कमी होते व तो एका माणसाला चालविता येई. १९४२ मधील एल अलामेनच्या लढाईत असे सुमारे ५०० संच वापरले गेले. कुटुंबीय शत्रूच्या अंमलाखालील प्रदेशात असल्याने कोसात्स्की यांचे नाव त्या काळी गुप्त ठेवण्यात आले. जर्मनांनी लाकडाचे व काचेचे सुरुंग पेरून या शोधाला उत्तर दिले. येथे यंत्रापुढे उलटा पेच उभा राहिला. त्याचे मौन म्हणजे धोका नसल्याची हमी नव्हे, हे सैनिकांना प्राणांच्या मोलाने शिकावे लागले. युद्धानंतर ट्रान्झिस्टरमुळे यंत्राचा आकार घटत गेला आणि ते तळहातात मावू लागले.

भिंत : एक निराळे क्षेत्र

भिंतीतील धातूचा शोध ही गरज मुख्यतः प्रबलित काँक्रीटने निर्माण केली. काँक्रीटमधील सळईला बाहेरील आर्द्रतेपासून व क्षारांपासून वाचविते ते तिच्यावरील काँक्रीटचे आवरण. हे आवरण किती जाड आहे हे इमारत उभी राहिल्यावर पाहता येत नाही. भारतीय मानक ४५६ च्या २००० सालच्या आवृत्तीत मध्यम परिस्थितीसाठी ३० मिलिमीटर व तीव्र परिस्थितीसाठी ४५ मिलिमीटर आवरण सांगितले होते. नकाशात ते असतेच, प्रत्यक्षात सळया बांधताना, ओतकाम करताना त्या सरकतात. १९५० च्या दशकात ब्रिटनमध्ये आवरणमापक पुढे आला आणि १९६९ साली ब्रिटिश मानकात त्याच्या वापराच्या शिफारशी समाविष्ट झाल्या.

आवरणमापकाला सळई आहे की नाही एवढे सांगून चालत नाही, ती किती खोल आहे हेही सांगावे लागते. येथे प्रवर्तनाच्या तत्त्वातच एक द्व्यर्थ दडलेला आहे. जवळची बारीक सळई आणि दूरची जाड सळई यांचा परिणाम सारखाच असू शकतो. म्हणून सळईचा व्यास ठाऊक असेल तरच आवरणाचा आकडा विश्वसनीय ठरतो. व्यास अज्ञात असल्यास एकदा भिंतीला टेकवून व एकदा ज्ञात जाडीची लाकडी किंवा प्लॅस्टिकची पट्टी मध्ये ठेवून अशी दोन मापने घेतात व दोहोंच्या मेळातून व्यास आणि खोली या दोन्ही गोष्टी काढतात. जवळजवळ असलेल्या दोन सळया यंत्राला एकच जाड सळई भासतात. गाठी बांधलेल्या ठिकाणी किंवा एकीवर एक सळई आलेल्या ठिकाणी आवरण प्रत्यक्षाहून कमी दिसते. त्यासाठी प्रथम रिंगांची दिशा शोधून दोन रिंगांच्या मधल्या जागेत मुख्य सळईचे मापन करण्याचा प्रघात आहे.

खोलीची मर्यादाही तत्त्वातून येते. वेटोळ्याच्या आकाराच्या मानाने लहान व दूर असलेल्या वस्तूकडून येणारा संकेत अंतराच्या सहाव्या घाताने घटतो, कारण क्षेत्र तेथवर पोहोचताना अंतराच्या घनाने क्षीण होते आणि परत येतानाही तितकेच. अंतर दुप्पट झाले की संकेत ६४ पटींनी मंदावतो. वेटोळे मोठे केल्यास खोलवर पोहोच वाढते, पण खिळ्यासारखी बारीक वस्तू त्याच्या लेखी नाहीशी होते. गिलाव्याखाली तारेची जाळी असेल तर तिच्यामागचे काही दिसत नाही. तांब्याची तार सापडली तरी तिच्यात वीज आहे किंवा नाही हे केवळ प्रवर्तनाने समजत नाही, त्यासाठी स्वतंत्र परीक्षण लागते. गारफील्ड यांच्या शय्येपाशी जे प्रश्न उद्भवले होते ते सर्व या ठिकाणी पुन्हा भेटतात.

पुरातन वास्तूंच्या बाबतीत हे प्रश्न अधिक गंभीर होतात. प्राचीन ग्रीक कारागीर अथेन्सच्या पार्थेनॉनमधील संगमरवरी शिळा लोखंडी पकडींनी जोडत व त्या पकडींभोवती वितळलेले शिसे ओतत. शिशामुळे लोखंडाला हवा-पाणी लागत नसे. १८९८ पासून १९३३ पर्यंत अक्रोपोलिसवर जीर्णोद्धाराचे काम करणाऱ्या निकोलाओस बालानोस यांनी साधे लोखंड शिशाच्या वेष्टनाविना वापरले. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या कित्येक पटींनी अधिक असते. गंज चढत गेला तशा त्यांच्याच पकडींनी शिळा आतून फोडल्या. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या पकडी बऱ्याच ठिकाणी शाबूत, आणि विसाव्या शतकातील पकडी विध्वंसक, असा विपरीत अनुभव आला. १९७५ साली स्थापन झालेल्या समितीच्या देखरेखीखाली ते लोखंड काढून त्या जागी टायटॅनियम बसविण्याचे काम हाती घेण्यात आले. भिंतीतील धातू शोधणे हे अशा वास्तूत रोगनिदानाचे पहिले पाऊल ठरते. तडा दिसू लागेपर्यंत वाट पाहिली तर दगड गेलेला असतो.

महाराष्ट्रातील बांधकाम आणि काळा पाषाण

मुंबईच्या सागरतटावरील १९३० व १९४० च्या दशकांतील आर्ट डेको इमारती प्रबलित काँक्रीटच्या आहेत. २०१८ साली जागतिक वारसा यादीत समाविष्ट झालेल्या समूहात त्यांचा अंतर्भाव आहे. खाऱ्या हवेत सळईचे आवरण किती उरले आहे हा तेथे केवळ अभियांत्रिकीचा प्रश्न राहत नाही, तो वारशाचाही होतो. मुंबई महानगरपालिका अधिनियमात २००९ साली झालेल्या दुरुस्तीने ३० वर्षांहून जुन्या इमारतींची संरचनात्मक तपासणी आवश्यक ठरविली आणि आवरणमापकाचा वापर वाढण्यास एक कारण मिळाले. त्याहून जुन्या चाळींत विटांच्या बांधकामात बसविलेल्या लोखंडी गर्डरांची टोके भिंतीत बुजलेली असतात. गंज नेमका तेथेच लागतो, आणि ही टोके नजरेला दिसत नाहीत.

परंतु दख्खनच्या वास्तूंबाबत एक विशेष अडचण आहे, आणि परदेशी यंत्रांसोबत येणाऱ्या माहितीपत्रकांत तिला क्वचितच पुरेसे स्थान मिळते. येथील किल्ले, वाडे, घाट, देवळे बव्हंशी काळ्या पाषाणाची, म्हणजे बेसॉल्टची आहेत. बेसॉल्टमध्ये मॅग्नेटाइट हे चुंबकीय खनिज असते. कोकणातील जांभ्यातही लोहाची संयुगे विपुल असतात आणि त्यांतील काहींचे चुंबकीय गुण धातुशोधकाला फसविण्याइतपत असतात. जांभ्याच्या भूप्रदेशात सुरुंगशोधकांना येणाऱ्या अडचणी सर्वज्ञात आहेत. म्हणजे ज्या भिंतीत लोखंड शोधावयाचे ती भिंतच काही प्रमाणात लोखंडासारखी बोलते. काँक्रीटमध्येही खडी बहुधा बेसॉल्टचीच असल्याने हा परिणाम, सौम्य स्वरूपात का होईना, तेथेही संभवतो. वालुकाश्म किंवा चुनखडीच्या देशात ठरविलेले शून्य येथे शून्य राहीलच असे नाही.

यावरील उपाय साधा, पण वेळ घेणारा आहे. यंत्राचे शून्य हवेत न धरता, धातू नाही याची अन्य मार्गाने खात्री झालेल्या त्याच भिंतीच्या भागावर धरावे लागते. दगडाची खाण बदलली, किंवा दुरुस्तीत नवे चिरे बसविलेले असले, की ते पुन्हा ठरवावे लागते. चुंबकीय परिणाम आणि धातूतील आवर्त प्रवाहांचा परिणाम यांच्या कालक्रमात, म्हणजे कलेत, फरक असतो. चांगली यंत्रे त्याच्या आधारे पाषाणाचा वाटा वजा करतात. पण लोखंड स्वतः चुंबकीयही आहे आणि वाहकही, त्यामुळे वजाबाकी फार कठोर केली तर बारीक गंजलेली पकड पाषाणाबरोबरच पुसली जाते. म्हणून अनुभवी तपासनीस भिंतीवर आडव्या-उभ्या रेघांची जाळी आखून प्रत्येक चौकोनाचा संकेत नोंदवितात, संकेत सांध्यांच्या रेषेत येतो की संपूर्ण चिऱ्यावर पसरतो हे पाहतात, आणि सांध्यातील संकेत पकडीचा व चिऱ्यावरील संकेत दगडाचा असण्याचा संभव धरून चालतात. एवढे झाल्यावरही एखाद्या कमी महत्त्वाच्या सांध्यातील चुना हलक्या हाताने खरवडून आत काय आहे ते डोळ्यांनी पाहिले जाते. शिसे आढळले तर त्या रांगेतील इतर पकडींना हात लावला जात नाही. नुसते लोखंड आढळले तर पुढचा प्रत्येक सांधा उघडण्याच्या यादीत जातो.